शुक्रवारी गप्प राहणारा आवाज

फेब्रुवारी १९८७, रविवार, संध्याकाळ. बोईसर, आमच्या सोसायटीची गच्ची. हजर: सोसायटीचे अध्यक्ष, खजिनदार, जे पालघरला एका बँकेत कॅशियर होते, पहिल्या मजल्यावरचे काका, जे जहाजावर वायरलेस ऑपरेटर होते आणि निवृत्त होऊन इथे राहायला आले होते, आणि सचिव म्हणून मी. गैरहजर: तळमजल्यावरच्या गाळ्यातला रेडिओ मिस्त्री. सभा त्याच्याबद्दल होती आणि त्यालाच बोलावलं नव्हतं. हे मी तेव्हाही इतिवृत्तात लिहिलं होतं. इथेही सगळ्यात आधी तेच लिहिते.

आता, गच्चीवर रेडिओची सभा का, ते सांगते.

काकांना शॉर्टवेव्हचा नाद होता. संध्याकाळी ते गच्चीवर मोठा रेडिओ घेऊन बसायचे आणि काटा केसभर केसभर सरकवत जगभरची स्टेशनं शोधायचे. मी औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात स्टोअरकीपर होते. सुटून आले की वाळत घातलेले कपडे काढायला गच्चीवर जायची, तिथे थांबायला लागले. कॅशियरसाहेब क्रिकेटच्या कॉमेंटरीसाठी यायचे. आणि गाळा बंद करून मिस्त्री यायचा, कारण काकांच्या रेडिओचं पोट त्यानेच उघडून बरं केलं होतं. असे आम्ही चौघं.

गाणी-बातम्यांपेक्षा आम्हाला गंमत वाटायची ती मधल्या आवाजांची. दोन स्टेशनांच्या मध्ये काय काय चालतं! कुठे जहाजांची टिकटिक, काका ती ऐकता ऐकता तोंडाने वाचून दाखवायचे. कुठे सुतार पक्ष्यासारखी ठकठक, आख्ख्या बँडवर पसरलेली. एक बाई कुठल्याशा भाषेत नुसते आकडे वाचायची, निर्विकार, भाजीचा भाव सांगावा तसे. काकांची पद्धत ठरलेली होती. अनोळखी आवाज आला की चार प्रश्न: कधी लागतो, कधी थांबतो, वाजतो कसा, आणि दिवसा-रात्री त्याचा जोर बदलतो का. लांबून येणारा आवाज सूर्याबरोबर बदलतो, चढतो, विरतो. जवळचा आवाज बदलत नाही. मला ही पद्धत फार आवडली. माझ्या स्टोअरमध्येही माल ओळखायचा तर असाच ओळखावा लागतो, वरचं लेबल बघून नव्हे.

गच्चीवरची तांब्याची तार मिस्त्रीने बांधली. आमच्या सांगण्यावरून. पाण्याच्या टाकीपासून जिन्याच्या छपरापर्यंत, दोन्ही टोकांना चिनी मातीचे गोळे लावून, अशी ताणून की कावळा बसला तरी हलायची नाही. तार बांधून झाल्यावर कॅशियरसाहेबांनी सगळ्यांना कुल्फी दिली होती. कॅशियरसाहेबांना पुढे ही कुल्फी आठवेना.

जानेवारीत एक नवा आवाज लागायला लागला. तेरा मीटरच्या बँडच्या आसपास. घुंऽऽ असा, दोन-तीन सेकंद, मग गप्प, मग पुन्हा घुंऽऽ. जाड, भरलेला आवाज, त्याच्याखाली स्टेशन सापडलं तर ते पार बुडून जायचं. सकाळी असायचा, संध्याकाळीही असायचा, जोर तोच. काकांनी आठवडाभर लक्ष ठेवलं आणि सांगितलं, "हा आपल्या जवळचा आहे. फार तर एक-दोन मैलांतला."

इथपर्यंत सगळं ठीक. पुढचं त्यांनी सहज सांगितलं, "दुपारी एक वाजता थांबतो, अर्ध्या तासाने परत सुरू. आणि शुक्रवारी दिवसभर नाही."

कॅशियरसाहेबांनी हे अध्यक्षांना सांगितलं. अध्यक्षांना रेडिओत काडीचा रस नव्हता, पण शुक्रवार म्हटल्यावर त्यांचे कान टवकारले. आमचा मिस्त्री मुसलमान होता, वाणगावचा. दुपारी एक आणि शुक्रवार, झाला हिशेब. त्यात आमच्यापासून हाकेच्या अंतरावर नाही, पण बसच्या अंतरावर तारापूरचं अणुवीज केंद्र. मग काय, गच्चीवरची तार, गाळ्यातले उघडे रेडिओ, वाजणारा गूढ आवाज, सगळ्याची माळ एका संध्याकाळी ओवून झाली.

सभेत अध्यक्ष म्हणाले, "हा माणूस इथून काहीतरी पाठवतोय. आपल्या इमारतीतून. उद्या आपण सगळे आत जाऊ. चौकीत अर्ज द्यायला हवा."

मी म्हटलं, "शुक्रवारी माझा कारखानाही बंद असतो. सगळी वसाहत बंद असते. शुक्रवारी बोईसरच्या बाजारात पाय ठेवायला जागा नसते, ते काय म्हणून?"

"वहिनी, विषय वेगळा आहे."

"आणि एक वाजता भोंगा होतो. तेव्हा सगळे कारखाने जेवतात. मीही जेवते. माझं नाव पण घाला अर्जात."

"तुम्ही स्टोअरमध्ये नट-बोल्ट मोजता, वहिनी," अध्यक्ष हसून म्हणाले. "हे देशाचं काम आहे."

"नट-बोल्ट मोजते म्हणूनच विचारते. शुक्रवारी मिस्त्रीच्या गाळ्यापुढे रांग असते. कामगारांना सुट्टी त्याच दिवशी, रेडिओ घेऊन येतात त्याच दिवशी. त्याने दुकान एक शुक्रवार बंद ठेवलेलं मला दाखवा."

यावर कॅशियरसाहेब जे बोलले ते मी आजतागायत विसरलेले नाही. ते म्हणाले, "तेच तर. शुक्रवारी गिऱ्हाईक असतं, म्हणून पाठवायला वेळ मिळत नाही."

म्हणजे दुकान बंद ठेवलं तर नमाज, चालू ठेवलं तर गिऱ्हाईक. दोन्हीकडून माणूस तोच. मला इतका संताप आला की हातातली पेन्सिल मोडली. काका तारेकडे बघत बसले होते. मी त्यांना म्हटलं, "काका, तुम्ही सांगा ना. मिस्त्रीजवळ पाठवायचं यंत्र असतं तर तुम्हाला कळलं नसतं का?" काका म्हणाले, "मी फक्त आवाज कुठे लागतो ते सांगितलं. कोणाचा आहे ते मी बोललो नाही." हेही खरं. पण कोणाचा नाही, हेही ते बोलले नाहीत.

बोईसरला राहणाऱ्या माणसाने ही चूक करावी, याचंच मला नवल वाटतं. सोसायटीतली निम्मी माणसं रविवारी सुट्टी असलेली, निम्मी शुक्रवारी. शुक्रवारी नळाला पाणी जोरात येत नाही म्हणून तक्रार करणारे हेच अध्यक्ष, कारण सगळी कामगार बिऱ्हाडं त्या दिवशी घरी कपडे धूत असतात. त्यांना शुक्रवार माहीत नव्हता असं कोणी मला सांगू नये. त्यांना तो माहीत होता, पण त्या संध्याकाळी त्यांना दुसरा शुक्रवार हवा होता.

अर्ज झाला. मी सही केली नाही. अध्यक्ष आणि खजिनदार, दोघांच्या सह्या, सोसायटीचा शिक्का. पोलीस चौकीत दिला गेला.

दोन दिवसांनी एक हवालदार आला, गाळ्यातले तीन रेडिओ पोत्यात घालून घेऊन गेला. गिऱ्हाइकांचे रेडिओ. त्यातला एक शिरगावच्या वाडीवाल्यांचा होता, नारळाच्या वाडीत बसून ते त्यावर बातम्या ऐकायचे. ते बिचारे तीनदा येऊन गेले. पोत्यात काही सापडलं नाही, हे सांगायला नकोच. रेडिओ परत आले ते एकाची पाठ फुटून. तेवढ्याने आसपासच्या लोकांना कळायचं ते कळलं. शुक्रवारची रांग त्या आठवड्यापासून संपली.

मी गाळ्यात गेले. मिस्त्री सोल्डरिंग आयर्न पुसत बसला होता.

"ताई, तुमी अर्जावर सही नाय केली, कळलं मला," तो म्हणाला. "पन आता कायतरी करा. माजा पासपोर्ट अडकेल."

त्याच्या मेव्हण्याने मस्कतला एका वर्कशॉपमध्ये त्याची नोकरी पक्की केली होती. पासपोर्टचा अर्ज गेला होता. त्यासाठी पोलिसांकडून दाखला जायचा होता, आणि चौकीत तर हा कागद पडला होता. तिथल्या मालकाने सहा महिने जागा धरून ठेवायचं कबूल केलं होतं.

"आवाज कसला हाय, ते आपन शोधून काढू," मी त्याच्याच भाषेत म्हटलं. "चल माझ्याबरोबर."

तो हसला. "मी नको, ताई. तुमी एकट्या गेल्या तर रेडिओ ऐकायला गेल्या. मी संगती आलो तर पुरावा लपवायला गेलो."

बरोबर होतं. मी एकटीच निघाले. अर्ध्या दिवसाची रजा टाकली, कारण शुक्रवारी शोधून उपयोग नव्हता, आवाजच नसायचा. ह्यांनी दारात विचारलं, "बाजाराला चाललीस की हेर पकडायला?" मी म्हटलं, "दोन्ही. पिशवी द्या." भाजीच्या पिशवीत छोटा ट्रान्झिस्टर ठेवला, एरियल बाहेर काढलं, आणि काटा त्या आवाजावर लावून चालू लागले. पद्धत साधी होती. ज्या बाजूला गेल्याने आवाज वाढेल त्या बाजूला जायचं. कमी झाला की मागे.

स्टेशनकडे गेले, कमी झाला. मागे फिरले. मोठ्या रस्त्याने वसाहतीच्या दिशेने, वाढला. रसायनांच्या कारखान्यांकडे वळले, पडला. सालवडच्या बाजूला वळले तशी पिशवीच थरथरायला लागली. येणारे-जाणारे माझ्याकडे बघत होते. एक पानवाला म्हणाला, "भाभी, थैली में भैंस है क्या?"

शेवटी एका गल्लीत, पत्र्याच्या शेडपाशी, आवाज एवढा झाला की काटा कुठेही फिरवला तरी तोच. सगळी स्टेशनं पुसली गेलेली. मी आत गेले.

आत चार-पाच बायका बसल्या होत्या, डोंगराकडच्या पाड्यांवरून कामाला आलेल्या, आणि समोर एक मशीन. बाईने प्लास्टिकचे दोन तुकडे साच्यात ठेवायचे, पायाने पेडल दाबायचं, वरून पितळी साचा खाली यायचा, घुंऽऽ. उचललं की कडा चिकटलेल्या. प्लास्टिकची पाकिटं तयार होत होती. रेशनकार्डाची. आमच्या सोसायटीत प्रत्येक घरात एक होतं.

मी पिशवीतून ट्रान्झिस्टर काढला. तिने पेडल दाबलं, माझ्या हातात रेडिओ ओरडला. सोडलं, गप्प. पुन्हा दाबलं, पुन्हा ओरडला. बायका हसायला लागल्या.

"बय, तुमचा रेडू आमच्या मशीनीला वळखतो!" एक म्हणाली.

"रागावलाय तिच्यावर," दुसरी म्हणाली. "दाब अजून, दाब!"

सुपरवायझर धावत आला. "मॅडम, रेडिओ बंद करो, लेडीज काम नहीं करतीं." मी त्याला विचारलं, मशीन कधी आलं? जानेवारीत, म्हणाला, अहमदाबादहून जुनं आणलंय. प्लास्टिक विजेच्या लहरींनी तापवून चिकटवतं, त्या लहरी बाहेर सुटतात, शेजारचा टीव्हीवाला रोज भांडायला येतो. एक वाजता जेवण? "और क्या." शुक्रवारी? त्याने माझ्याकडे असं बघितलं की ही बाई बोईसरची आहे की नाही. "शुक्रवार को तो छुट्टी है, मॅडम. सबकी छुट्टी है."

मी घरी आले ती आनंदातच. वाटलं, संपलं. माणसाला चूक दाखवली की तो ती दुरुस्त करतो, असं मला तोवर वाटायचं. स्टोअरमध्ये तरी तसंच होतं. माल चुकीच्या कप्प्यात गेला असेल तर काढून योग्य कप्प्यात ठेवायचा.

पुढच्या आठवड्यात मी तिघांनाही तिथे घेऊन गेले. काका, कॅशियरसाहेब, अध्यक्ष. कारखान्याचा शेठ भला होता, त्याने खुर्च्या मांडल्या, चहा मागवला. काकांनी आपला रेडिओ आणला होता. मशीन दाबा, म्हणाले. घुंऽऽ. थांबा. गप्प. लागोपाठ करून बघितलं. काकांनी डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले, "हाच. शंकाच नाही." मग हळूच म्हणाले, "पहिल्याच दिवशी ओळखायला हवा होता." मला ते ऐकून बरं वाटलं. मी अध्यक्षांकडे बघितलं.

अध्यक्षांनी चहाचा घोट घेतला. "हा एक आवाज झाला," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"म्हणजे हा मशीनचा. दुसरा असू शकतो. याच्या आडून."

"आडून कसा? तुम्ही ज्या आवाजाबद्दल अर्ज दिला तोच हा. काका सांगतायत."

"वहिनी, तुमचं म्हणणं मी नाकारत नाही. पण अर्ज मागे घ्यायचा म्हणजे आपण खोटं लिहिलं असं होतं. सोसायटीच्या शिक्क्याने."

"लिहिलंच होतं खोटं."

"आपण संशय व्यक्त केला होता. संशय खोटा नसतो."

मी कॅशियरसाहेबांकडे वळले. "तुम्ही?"

"अध्यक्षांनी सही केली तर मी करतो," ते म्हणाले. परतताना वाटेत अध्यक्षांना वेगळं गाठलं, तर ते म्हणाले, "खजिनदारांनी आधी करू दे." मी दोघांना एका खोलीत बसवलं, तर दोघंही म्हणाले, काकांचं लेखी मत हवं. काकांनी लिहून दिलं, मी टाईप करून आणलं. मग म्हणाले, सर्वसाधारण सभेसमोर ठेवू. सर्वसाधारण सभेत पाण्याच्या टाकीवरून इतकं भांडण झालं की हा विषय पुढच्या सभेपर्यंत तहकूब.

मी स्वतः चौकीत गेले. तिथल्या माणसाने सरळ सांगितलं, "बाई, ज्यांनी दिला त्यांनी मागे घ्यावा. तुमची सहीच नाही त्याच्यावर." सही न केल्याचा मला अभिमान होता. त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं, केली असती तर निदान एक तरी मागे घेता आली असती. पण नाही, मग मीही त्यांच्यातलीच झाले असते.

सहा महिने संपले. मस्कतच्या मालकाने दुसरा माणूस घेतला. गाळ्याचा अकरा महिन्यांचा करार संपला, त्याचं नूतनीकरण झालं नाही. कारण काय लिहिलं, माहीत आहे? "गाळ्याची सोसायटीला आवश्यकता आहे." त्या गाळ्यात पुढे दोन वर्षं मोडकी सायकल आणि चुन्याची पोती होती. मिस्त्री वाणगावला परत गेला. जाताना गच्चीवर चढला आणि आपण बांधलेली तार स्वतः उतरवून गेला. चिनी मातीचे गोळे मात्र काढले नाहीत, ते अजून टाकीला लटकतात. त्यानंतर काकांनी गच्चीवर रेडिओ आणला नाही. ते आता नाहीत. जाण्याच्या आधी त्यांनी मला बोलावून त्यांचं लेखी मत पुन्हा एकदा वाचून घेतलं आणि खाली ताजी सही केली. "जुनी आहे म्हणून कोणी नाकारायला नको," म्हणाले. कारकुनाला कळावं इतकं व्यवस्थित.

कोणाला वाटेल, एवढं काय, साधा कागद. दंगल झाली नाही, कोणाला मारलं नाही, तुरुंगात टाकलं नाही. हेच मला जास्त झोंबतं. सगळं सभ्यपणे झालं. चहा पीत झालं. कोणी आवाज चढवला असेल तर मीच. त्या आकडे वाचणाऱ्या बाईबद्दल आम्ही कधी कोणावर संशय घेतला नाही, ती लांब होती. त्या सुतार पक्ष्याबद्दल कोणाचा गाळा गेला नाही. आवाज जवळचा निघाला तेव्हा मात्र आम्हाला तो ओळखायचा नव्हताच, कोणाच्या तरी नावावर टाकायचा होता.

प्लास्टिकचा कारखाना दोन वर्षांत बंद पडला. आवाज गेला. माझ्या सोसायटीने समाधानाचा सुस्कारा सोडला. अध्यक्ष जिन्यात मला म्हणाले, "बघा, तो गेला आणि आवाजही गेला." मी म्हटलं, "तो गेल्यावर सव्वा वर्ष आवाज चालू होता. मी रोज ऐकत होते." ते वर निघून गेले. ही गोष्ट ते इतरांनाही सांगायचे, आणि आमच्या बिल्डिंगमध्ये पुढे राहायला आलेल्या लोकांना हीच गोष्ट माहीत आहे. नव्या भाडेकरूंना मी स्वतः जाऊन खरी सांगते. एकदा तर दूधवाल्यालाही सांगितली.

आता १९९८ चालू आहे. गेल्या महिन्यात मी वाणगावला मिस्त्रीकडे गेले होते. त्याने पंखे आणि मिक्सर दुरुस्तीचं छोटं दुकान काढलंय. केस पांढरे झालेत. म्हातारी आई ओट्यावर बसली होती.

"आईला हजला न्यायचंय, ताई," तो म्हणाला. "ती एकली नाय जाऊ शकत. माजा पासपोर्ट पायजे. जुन्या पत्त्यावर चौकशी करतील, तर तो कागद..."

 आई मध्येच म्हणाली, "तवा मस्कत हातचं गेलं तर गेलं. मक्का हातची जाऊ नका देऊ."

मी घरी येऊन पत्र नवीन टाईप केलं. मजकूर थोडक्यात: अमुक तारखेचा अर्ज चुकीच्या समजुतीवर आधारलेला होता, आवाज कारखान्याच्या मशीनचा असल्याचं आम्ही स्वतः ऐकून खात्री केली आहे, अर्ज मागे घेत आहोत. सोबत काकांचं मत. कॅशियरसाहेब अजून दुसऱ्या मजल्यावरच राहतात, निवृत्त झालेत, संध्याकाळी गच्चीवर फिरतात. त्यांच्याकडे गेले. त्यांनी चष्मा लावून वाचलं, दोनदा वाचलं, म्हणाले, "अध्यक्षांनी सही केली तर मी करतो." अकरा वर्षांत एक शब्द बदललेला नाही.

अध्यक्ष मुलाकडे विरारला असतात. पत्ता मिळवलाय. पत्र, काकांचं मत आणि दोन पेनं पिशवीत घालून ठेवलीयेत, दुसरं पेन कारण पहिलं चालत नाही असं ते नक्की म्हणतील. शुक्रवारी जाणार आहे, माझी सुट्टी त्याच दिवशी असते.

दोन सह्या बाकी.